पिवळा चिमटा

सिरिल टनर्ड या माणसाबद्दल लेनर्ड स्किथला खात्रीने सांगता येईल असं फार थोडं होतं. पायाचं माप आठ, डावा पाय उजव्याहून जरासा रुंद. चहात दोन चमचे साखर. एकेचाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी. घरात एक मोठी बहीण, आयव्ही. लग्न दोघांनीही केलं नाही. पायाचं माप ठाऊक होतं ते लेनर्ड बुटांच्या दुकानात कामाला होता म्हणून, आणि साखरेचं ठाऊक होतं ते दर रविवारी थर्मासमधला चहा तोच ओतायचा म्हणून. नऊ वर्षं दोघं एकाच धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसले. पण याला गाणं आवडतं का, याचं कधी कोणावर मन बसलं होतं का, असं कोणी विचारलं असतं तर लेनर्डने नेहमीसारखं विचारणाऱ्याच्या बुटांकडे पाहिलं असतं. आणि आता विचारायला सिरिल राहिला नाही.

विमानाचं मात्र ठाऊक होतं. ते सगळ्या वेंडलबीलाच ठाऊक होतं.

वेंडलबीच्या जुन्या लष्करी विमानतळावर युद्धाच्या काळात बॉम्बर उतरायचे. १९७४ साली तिथे दोनच गोष्टी उतरत: थंडीत शेतकऱ्याचं बीट, आणि उरलेलं वर्षभर दर रविवारी मॉडेल विमान मंडळाची विमानं, त्यातली बरीचशी नाकावर. धावपट्टीच्या कुंपणाला एक फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे सहा लाकडी चिमटे, सहा रंगांत रंगवलेले. प्रत्येकाच्या रेडिओच्या पेटीला एक रंग ठरलेला असे. एकाच रंगाच्या दोन पेट्या एका वेळी चालू झाल्या की हवेतलं विमान कोणाचंच ऐकत नाही. ते जमिनीकडे निघतं आणि खाली कोणाचं डोकं आहे ते बघत नाही. म्हणून आपल्या रंगाचा चिमटा काढायचा, सगळ्यांना दिसेल असा टोपीला लावायचा, मग पेटी चालू करायची. उतरलात की पेटी बंद, चिमटा परत फळीवर. चिमटा नाही तर पेटीच्या बटणाला बोटसुद्धा लावायचं नाही.

ही फळी सिरिलने आणलेली. एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्याने एकेचाळीस वर्षं सांभाळलं होतं. निवृत्त झाल्यावर सांभाळायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून त्याने मंडळ धरलं.

"सिरिल, मला शिंक येतेय," डेस कॉपली म्हणायचा. डेस गावातला खाटीक, मंडळातला सगळ्यात तरबेज उडवणारा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा. "चिमटा घेऊ का?"

"शिंकेचा रंग कोणता?" सिरिल न हसता विचारायचा.

आता हा इतका नियमाचा माणूस स्वतः काय उडवायचा, तर काहीच नाही. त्याचं विमान अकरा वर्षं तयार होत होतं. लांबी चार फूट, पंख साडेपाच फुटांचे. बाल्साचं हलकं लाकूड ब्लेडने कापून त्याने एकेक फासळी बनवली, आणि बनवलेली प्रत्येक फासळी स्वयंपाकघरातल्या तराजूवर ठेवली. उजव्या पंखाच्या फासळ्या डाव्या पंखाच्या फासळ्यांपेक्षा चिमूटभर जड निघाल्या तेव्हा त्याने उजवा पंख पुन्हा केला. मग डावा जड वाटायला लागला. वर रेशमी कापड चढवलं आणि ते ताणून बसावं म्हणून त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं वार्निश, एक हात देऊन, घासून, पुन्हा एक हात, असे चौदा हात. नवव्या हाताच्या वेळी आयव्हीच्या पिंजऱ्यातला केनेथ नावाचा छोटा हिरवा पोपट दांडीवरून खाली पडला आणि संध्याकाळपर्यंत एका पायावर डुलत उभा होता.

"माझ्या पोपटाला दारू पाजलीस," आयव्ही म्हणाली. "आता ते कपाट घेऊन मागच्या शेडमध्ये जा."

तिने दिलेलं नाव गावभर झालं. लाकूडकाम, पॉलिश आणि इतकी वर्षं एका जागी उभं राहणं, या तिन्हीमुळे ते विमानाला शोभलंही. "कपाट कसं आहे?" लोक विचारायचे. "एक हात राहिलाय," सिरिल सांगायचा.

तो एक हात कायमच राहिला असता. पण त्या उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरांनी डिसेंबरातली तारीख दिली. पुन्हा दिसेल ना, या प्रश्नाला डॉक्टर "बहुतेक" म्हणाले, आणि सिग्नलच्या केबिनमध्ये "बहुतेक" हा शब्द कधी कोणी वापरलेला नव्हता. ऑक्टोबरात एका रविवारी चहा पिता पिता सिरिलने लेनर्डला हे सांगितलं. शेवटी म्हणाला, "ज्या डोळ्यांनी केलं त्या डोळ्यांना ते उडताना दिसावं, एवढंच."

लेनर्डने त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

"दोन रविवार आहेत," सिरिल म्हणाला. "मग धावपट्टीवर बीटाचे ढीग पडतील ते मार्चपर्यंत. तू उडव."

लेनर्डच्या हातातला चहा बुटावर सांडला. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण ते बांधणाऱ्याने स्वतः करायचं नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात पेटी द्यायची, ही तिथली पद्धतच. बांधणाऱ्याचे हात थरथरतात. पण तो दुसरा कोणी म्हणजे डेस असतो, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. लेनर्डने आजवर तीन विमानं बांधली होती आणि तिन्ही त्याच धावपट्टीच्या आसपास निरनिराळ्या ठिकाणी पुरल्यासारखी जमिनीत शिरली होती.

"मिस्टर टनर्ड, डेसला सांगा ना. माझा हात काही..."

"डेस उतरला की आधी टाळ्या घेतो. मग मी ओरडतो, मग चिमटा परत येतो. तुला नऊ वर्षांत मी एकदाही आठवण करून दिलेली नाही."

यावर काय बोलायचं ते लेनर्डला सुचलं नाही, आणि न सुचणं म्हणजे होकार असं सिरिलने धरलं.

त्याच दिवशी विमान लांबूनही पेटीचं ऐकतं का याची चाचणी झाली. सिरिलने पिवळा चिमटा टोपीला लावला, पेटीचं एरियल मिटवून ठेवलं आणि पेटी घेऊन मोजून चाळीस पावलं चालत गेला. लेनर्डने विमान धरलं. पेटीवरच्या दांड्या हलल्या तशी इकडे शेपटी हलली, पंखांच्या कडा हलल्या, कुठे थरथर नाही. इंजिन चालू करून तेच पुन्हा. मग उंच गवतावर हाताने नुसतं तरंगत सोडून पाहिलं. विमान वीस पावलांवर गवतात अलगद टेकलं. सिरिलने जुन्या केबिनमधल्या नोंदवहीत सगळं वेळेसकट लिहिलं, वही पिशवीत टाकली आणि सायकलवर बसून घरी निघाला. त्याच्या टोपीवर पिवळा चिमटा तसाच होता.

लेनर्डने तो पाहिला. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. पण चिमटा न ठेवता जाणाऱ्याला सिरिल जे ऐकवायचा ते सिरिललाच कसं ऐकवायचं, आणि तेही डेससमोर? सायकल फाटकापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली. घरी टोपी काढेल तेव्हा त्याला दिसेलच, असं मनाशी म्हणून लेनर्डने तोंड मिटलं. आठवडाभर दुकानात तो लोकांना चुकीच्या मापाचे बूट काढून देत होता.

शेवटच्या रविवारी सकाळी हवा अशी होती की गवताची काडी हलत नव्हती. रेडिओवर मात्र सांगितलं होतं की दुपारनंतर वारा सुटणार. कपाट उघड्यावरच्या टेबलावर उभं होतं: वरून मलईसारखा रंग, आणि पोटाखाली लाल-पांढरे जाडजूड पट्टे, सिरिलला खालून दिसावेत म्हणून. सगळे त्याभोवती गोळा झाले. डेससुद्धा काही न बोलता वाकून बघत होता. सिरिलने बोटांच्या टोकांवर पंख उचलून तोल पाहिला. विमानाच्या मागे उभं राहून डावं-उजवं पाहिलं, कारण पुढून पाहिलं की उलटं दिसतं आणि चांगली चांगली विमानं तेवढ्यावर गेली आहेत. पंख धरून ठेवणारे रबर मोजले. मग फळीकडे गेला.

पिवळ्या चिमट्याची जागा रिकामी होती.

सिरिलने त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं. मग त्याने मागे वळून सगळ्यांवर नजर फिरवली, आणि तिला नीट दिसत नसल्यामुळे ती जास्तच लागली.

"पिवळा चिमटा कोणी नेला?"

माणसं एकमेकांच्या टोप्यांकडे बघायला लागली.

"नऊ वर्षं," सिरिल म्हणाला. "नऊ वर्षं मी एकच गोष्ट सांगतोय. नेणाऱ्याला वाटतं, चिमटाच तर आहे. ज्या माणसाच्या घरी आज तो चिमटा असेल त्याच्या हातात सायकलची घंटासुद्धा देऊ नये. डेस, खिसे बघ."

"माझ्या खिशात मूत्रपिंडं असतात, चिमटे नसतात," डेस म्हणाला. पण त्याने खिसे उलटे करून दाखवले.

भाषण लांबत चाललं. कामाची बेफिकिरी, घराण्याचं वळण, देशाचं पुढे काय होणार, असं ते चढत गेलं. प्रत्येक वाक्याबरोबर लेनर्डची मान खाली खाली जात होती. शेवटी तो आपल्या बुटांनाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मिस्टर टनर्ड, मागच्या रविवारी तो तुमच्या टोपीवर होता."

"काय?"

"घरी जाताना. टोपीवर. मी पाहिला."

सिरिलचा हात आपोआप टोपीकडे गेला. तिथे काही नव्हतं. डेसने तोंड दुसरीकडे वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"आणि तू बोलला नाहीस," सिरिल म्हणाला.

"नाही."

"मग चुकलो आपण दोघं," एवढंच म्हणून सिरिल पिशवी उचलायला लागला.

"अरे, कुठे निघालास?" डेस म्हणाला. "आज पिवळ्यावर दुसरं कोणीच नाही. सगळी माणसं समोर आहेत. अशी हवा पुन्हा मिळायची नाही. उडव आणि मोकळा हो."

"चिमटा नाही."

"तो तूच नेलायस, म्हाताऱ्या. तुला अडवणार कोण, तूच?"

"दुसरं कोण आहे?" सिरिल म्हणाला.

शेवटी लेनर्डने त्याला आपल्या गाडीत घातलं. रस्ता चार मैलांचा होता. एका वळणावर सिरिल म्हणाला, "त्या भाषणात घराण्याचं जे बोललो ते आयव्हीला सांगू नकोस."

आयव्ही दारातच होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने सुतळीसारखी, आवाजाने इंजिनच्या शिट्टीसारखी.

"चिमटा? सोमवारी धुण्याच्या वेळी तुझ्या टोपीवर एक मिळाला. मला वाटलं, शेवटी घरातलं एखादं काम करायला लागलास."

"कुठे आहे?"

तो केनेथच्या पिंजऱ्यावर होता. झाकायचं फडकं त्यानेच धरून ठेवलं होतं. सिरिलने तो काढला, फडकं घसरलं, आणि केनेथने जी ओरडायला सुरुवात केली ती थांबेना.

"बघ, त्याला तो रंग आवडतो," आयव्ही म्हणाली. "त्याचं घेतलंस तर बदल्यात काहीतरी दे."

सिरिलने पँटचा घोळ सायकलच्या साखळीत जाऊ नये म्हणून लावायची क्लिप काढून तिच्या हातावर ठेवली. आयव्हीने ती फडक्याला लावली, कोट चढवला आणि एका डब्यात मनुका घातलेला प्लम ब्रेड नि चीज भरून घेतलं.

"तू कुठे?" सिरिल म्हणाला.

"अकरा वर्षं माझ्या सूपमध्ये लाकडाचा भुसा पडतोय. तो उडतो की नाही ते मी बघणार. चल लेनर्ड बाळा, गाडी काढ. आणि पाठ सरळ ठेव, तुला कोणी खात नाही."

धावपट्टीवर परतले तेव्हा सगळं चिडीचूप होतं. शेजारच्या गावचे एक दंतवैद्य पाहुणे म्हणून आले होते. त्यांची पेटी त्यांच्या गाडीच्या टपावर होती आणि एरियलला पिवळी फीत बांधलेली होती. डेसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला होता.

"तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत हे आले," तो हळूच म्हणाला. त्याला हळू बोलताना लेनर्डने पहिल्यांदाच ऐकलं. "आल्या आल्या फाटकाशीच पेटी चालू करून बघितली. त्यांच्या मंडळात म्हणे फळी नाही. सिरिल, तुझं वर असतं तर..."

सिरिलने टेबलावरच्या कपाटाकडे पाहिलं, मग दंतवैद्यांकडे. आता हा काय काय ऐकवणार म्हणून सगळे वाट बघत होते. दंतवैद्यांनी तर टोपीच काढली होती.

"आम्ही चिमटा घेऊन परतायच्या आधी तुम्ही इथे आलात," सिरिल म्हणाला आणि त्याने पिवळा चिमटा पुढे केला. "टोपीला लावा. मग उडवा. आम्ही थांबतो."

"अहो, तुमचं पहिलं उड्डाण..."

"जो आधी आला त्याचा चिमटा."

आयव्हीने प्लम ब्रेडचा तुकडा तोंडात टाकला. "आयुष्यभर हेच," ती लेनर्डला म्हणाली. "दुसऱ्याची गाडी आधी सोडायची आणि आपण खिडकीत उभं राहायचं."

दंतवैद्य बिचारे भले गृहस्थ. लाजेने त्यांनी घाईघाईत उडवलं, आणि घाईत इंजिन तीनदा बंद पडलं. वर गेल्यावर त्यांना वाटलं, एवढं थांबवलंय तर नीट तरी उडवावं. ते तासभर उडवत राहिले. दोन वाजले. कुंपणाच्या तारा गुणगुणायला लागल्या. सिरिल खुर्चीत टोपी सावरत बसला होता आणि चहाच्या कपावर चमच्याने वाजवत होता: एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. केबिनमधली सवय. लेनर्डला ती घंटांची भाषा त्यानेच शिकवली होती. एक टोला म्हणजे पुढच्या केबिनला "लक्ष द्या". दोन म्हणजे "गाडी तुमच्याकडे निघाली". दोन, थांबून एक, म्हणजे "गाडी सुखरूप पोचली, रूळ मोकळा". घरी आयव्ही जेवायला बोलवताना तव्यावर एकच टोला मारायची.

चिमटा फळीवर परत आला तेव्हा सव्वादोन वाजले होते. गवत एका बाजूला झुकलं होतं.

"राहू द्यायचं का?" लेनर्ड म्हणाला. "वारा आहे. मार्चमध्ये..."

"मार्चमध्ये मला पट्टे दिसतील का ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे?"

लेनर्डने पिवळा चिमटा काढून टोपीला लावला.

पुन्हा चाळीस पावलं, पुन्हा मागून डावं-उजवं. डेसने विमान धरलं, इंजिन सुरू झालं. सगळी माणसं कुंपणामागे गेली. वारा समोरून होता. सिरिल लेनर्डच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला आणि त्याने कपावर दोन टोले दिले. डेसने हात काढला. कपाट धावलं, जरा डावीकडे ओढलं, लेनर्डने न समजताच दांडी उजवीकडे दाबली, आणि चाकांचा खडखडाट एकदम थांबला.

"उडालं रे कपाट," मागून डेस म्हणाला.

वर गेल्यावर वाऱ्याने ते हलायला लागलं. लेनर्डची बोटं मात्र आश्चर्य वाटावं इतकी शांत होती. ग्राहकाचा पाय हातात घेताना असायची तशी.

"कुठे आहे?" सिरिलने विचारलं.

"चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे. वळतंय."

"आता?"

"आपल्याकडे येतंय. उंच आहे."

सिरिल मान वर करून बघत होता, पण विमान जिथे होतं तिथे नव्हे, त्याच्या बऱ्याच खाली. लेनर्डच्या ते लक्षात आलं. आठवडाभरापूर्वी त्याने तोंड मिटलं होतं तसं तो आताही मिटू शकला असता. विमान वर होतं, नीट होतं, उतरवलं की झालं.

"मिस्टर टनर्ड, धावपट्टीच्या पलीकडच्या कडेने खालून आणतो. छताइतकं खाली. उजवीकडे बघा. अजून उजवीकडे. मी सांगेन तेव्हा."

"वारा आहे," सिरिल म्हणाला.

"आहे."

त्याने वळवलं, वेग कमी केला, खाली घेतलं. कपाट थरथरत, पंख तिरपा करून, लाल-पांढरं पोट सगळं इकडे दाखवत समोरून गेलं.

"आता," लेनर्ड म्हणाला.

सिरिलची मान पट्ट्यांबरोबर वळत गेली. विमान पुढे जाऊन वर चढलं. मग सिरिल म्हणाला:

"डाव्या पंखाच्या टोकाशी रंगाचा एक ओघळ राहिलाय."

लेनर्डला हसू आलं आणि त्याच्यामुळे उतरताना चूक झाली. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, आणि कपाट धावपट्टी ओलांडून बीटाच्या शेतात शिरून पानांत उभं राहिलं. पंख्याचं एक पातं मोडलं होतं. बाकी काहीही नाही. डेस धावत गेला आणि दोन्ही हातांवर उचलून, मेंढीचं पिल्लू आणावं तसं घेऊन आला. आयव्ही डोळे पुसत होती. विचारलं तर वाऱ्याने धूळ गेली म्हणाली. सिरिलने बोटांनी पंखाचं टोक चाचपलं, ओघळ सापडला, आणि तो समाधानाने मान हलवत राहिला.

मग वळून त्याने कपावर चमचा वाजवला. दोन. थांबून एक.

दुसऱ्या दिवसापासून धावपट्टीवर बीटाचे ढीग पडले. मार्च यायच्या आतच सिरिल गेला, आणि ते लेनर्डला आयव्हीकडून कळलं. उड्डाणाच्या दिवशी लेनर्डने दोघांना घरी सोडलं, विमान शेडमध्ये नेऊन ठेवलं आणि गाडीत बसला, तेव्हा सिरिल सावकाश चालत खिडकीशी आला. लेनर्डला वाटलं, आता काहीतरी म्हणेल.

"चिमटा परत लावलास?"

"लावला, मिस्टर टनर्ड."